नबाबशेठचा माळा

तळेगावच्या बाजारातल्या त्या दुकानावर पाटी होती, 'नवाबशाह जनरल स्टोअर्स'. नवाबशाह हे सिंधमधलं गाव. फाळणीत लीलाराम तिथून बायको आणि तान्हं पोर घेऊन निघाला, तो फिरत फिरत वर्धा जिल्ह्यात येऊन टेकला. पण गावानं पाटी वाचली आणि ठरवून टाकलं, हा कोणी नबाब आहे. झालं! बाप नबाबशेठ, आणि तो चौऱ्याहत्तर साली वारल्यावर मुलगा ओमप्रकाशही नबाबशेठ. या नबाबाच्या बनियनला दोन भोकं होती आणि वऱ्हाडी तो गावातल्या पोट्ट्यांपेक्षा फर्डी बोलायचा.

लीलारामचा एक नेम होता. दुकानात गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नाही. तो म्हणायचा, हा शब्द ऐकत आपण पुष्कळ दारं फिरलो, आपल्या दारात तो नको. कोणी काहीही मागो, 'पाहतो' म्हणायचं, डोक्यावरच्या फळ्यांच्या माळ्यात हात घालायचा, जरा खुडबुड करायची, आणि मग 'पुढच्या आठवड्यात येजो' सांगायचं. माळ्यावर नुसती रिकामी खोकी. पण गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

बाप गेल्यावर ओमप्रकाश ही खुडबुड इमानेइतबारे करत राहिला. अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्याला रूपराव पाटलानं बैलाची घुंगरमाळ मागितली. असला माल दुकानात कधीच नव्हता. ओमप्रकाशनं 'पाहतो' म्हणून हात वर घातला, तर हातात घुंगरमाळ आली. त्याला इतका धक्का बसला की त्यानं ती परत वर ठेवून दिली.

"अबे, ठेवून काऊन राह्यला?" रूपराव ओरडला. "दे ना!"

दुपारी त्यानं शिडी लावून माळा पाहिला. खोकी, उंदराच्या लेंड्या, एक मेलेलं झुरळ. खालून त्याची बायको सुलोचना म्हणाली, "बाबांनी ठेवली असेल. तुम्हाला स्वतःच्या दुकानातलं काही ठाऊक असतं का?" ओमप्रकाश इंटर सायन्स नापास होता, पण सायन्समध्ये नापास होता. भुताखेतांचा विचार करणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्यानं बायकोचं ऐकलं.

मग गावातल्या बोळक्या भैयाजीनं थट्टेत दातांची कवळी मागितली. निघाली! भैयाजीनं ती तिथंच तोंडात घातली, तर चपखल बसली. महिनाभर तो गावभर फुटाणे फोडत हिंडला. कवळी आधी कोणाची होती, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

वासुदेवराव गुरुजींना या भाकडकथांचा फार राग. ऐंशीच्या मे महिन्यात ते मुद्दाम दुकानात आले आणि म्हणाले, "माझी छत्री द्या. एकसष्ट साली आर्वीच्या मोटारीत विसरलो होतो."

छत्री निघाली. मुठीवर गुरुजींचं नाव कोरलेलं. बाहेर डांबर वितळत होतं, आणि छत्रीतून पाणी निथळत होतं. टप टप, काउंटरवर. गुरुजींनी ती घेतली नाही. घरी जाऊन दोन दिवस तापानं फणफणले. तेव्हा कुठं रूपरावही बोलला, की घुंगरमाळ त्याचीच होती, नाल्याच्या पुरात बैलासकट वाहून गेलेली.

म्हणजे माळा माल देत नव्हता. हरवलेलं परत देत होता. ओमप्रकाशच्या मनात पहिल्यांदा आली ती घरात बसलेली अम्मा, त्याची आई.

अम्माची थोरली मुलगी होती, रुक्की, चार वर्षांची. निघताना स्टेशनात चेंगराचेंगरी झाली. अम्माच्या एका हातात तान्हं पोर, दुसऱ्या हातात रुक्कीचा हात. पोर निसटायला लागलं, त्याला धरायला दोन्ही हात लागले. ते पोर म्हणजे ओमप्रकाश. घरात हे फक्त एकदा बोललं गेलं होतं, पण त्याला एक दिवसही विसरता आलं नव्हतं.

त्यानं रामाजी सुताराला निरोप धाडला, उद्याच्या उद्या माळा काढून टाक.

पण अम्मा त्याच दुपारी आली. मागच्या दारानं नाही, पुढच्या पायऱ्या चढून. डोक्यावर पदर, हातात पिशवी. घरात ती सिंधीशिवाय बोलायची नाही. आज ती गिऱ्हाईक होती, म्हणून गावाच्या बोलीत बोलली.

"नबाबशेठ, माही पोरगी देजो. चार वर्साची हाये."

"अम्मा, घरी चल."

"गिऱ्हाईकाले घरी चल म्हणते का कोणी?"

'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर आला. पण या बाईला, यानं, कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्याचे डोळे भरून आले.

"पाहतो," तो म्हणाला.

हात वर घातला. खोकं. धूळ. आणखी एक खोकं. काहीच नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अम्मा, पुढच्या आठवड्यात..."

त्याच्या बोटाभोवती बोटं मिटली. लहान. गरम. गुळानं माखल्यासारखी चिकट.

अम्मा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "धरलं तिनं?" आता ती सिंधीत बोलत होती.

त्यानं मान हलवली.

"सोडू नको," अम्मा म्हणाली. "मी सोडला होता."

तेवढ्यात शेजारची तानाबाई आली. "काय करून राह्यला जी नबाबशेठ? मले साबण दे."

"थांब ना माय," तो रडत म्हणाला.

"खाली घे तिला, ओम."

"घेतो, अम्मा."

त्यानं हलकेच ओढलं. वरूनही कोणी ओढलं. तितकंच हलकेच. जत्रेत लेकरू चल चल म्हणून ओढतं, तसं.

मग जरा जोरात.

"सोडू नको," अम्मा म्हणाली.

त्यानं सोडलं नाही.

तानाबाई एक पाऊल मागे सरली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, काउंटरच्या फटीतून खाली पाहत होती. ओमप्रकाशनंही खाली पाहिलं.

त्याच्या रबरी चपला फरशीवर होत्या. दोन्ही, जोडीनं, रिकाम्या, मघा तो उभा होता तिथंच.