अंगठाबहाद्दर

भांडी धुण्याच्या मोठ्या यंत्राचे रोग मोजकेच. पाणी पुरेसं तापत नाही, साबण पुरेसा येत नाही, फवारा बुजतो, नाहीतर कुणीतरी काहीतरी उलटं जोडून ठेवतं. एकोणतीस वर्षं मी ही यंत्रं दुरुस्त करतोय. पाचवा रोग मला भेटला नव्हता. त्या वसतिगृहात जाईपर्यंत तरी नव्हता.

चारशे मुलांचं वसतिगृह. सकाळचा नाश्ता उरकला होता आणि स्वयंपाकघरामागच्या लांबट खोलीत स्टीलच्या ताटांचे ढीग लागले होते. यंत्र बोगद्यासारखं होतं: एका तोंडातून ताटांचा ट्रे आत सरकायचा, दुसऱ्या तोंडातून धुऊन बाहेर यायचा. तिथे मावशी उभ्या होत्या. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. आता ताटं डागाळलेली निघत, आणि रोज काही ताटांवर अंगठ्याचा ठसा असे. मॅनेजरने निकाल लावून टाकला होता. मी यंत्रात दोष नाही असं म्हटलं, की मावशींनी उद्यापासून यायचं नाही.

मावशींना लिहिता येत नव्हतं, हे त्याने मला त्यांच्यासमोरच सांगितलं. "अंगठाबहाद्दर बाई आहे. अंगठाच उमटवणार, दुसरं काय?"

मला त्याचा रागच आला. साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी बाह्या सरसावल्या.

हीटरवर बोटभर क्षार चढला होता. धुण्याचं पाणी साठ अंशांऐवजी जेमतेम पंचेचाळीसला पोचत होतं. साबणाची नळी डब्याच्या तळाशी टेकतच नव्हती, नुसती हवा ओढत होती. आतले प्लास्टिकचे पडदे कुणीतरी उलटे टांगले होते, त्यामुळे साबणाचं पाणी धुतलेल्या ताटांवर उडत होतं. दोन तासांत मी तिन्ही दोष काढले. पुढचा ट्रे असा लखलखत आला की मावशींनी एक ताट उचललं, त्यात बघून केस सारखे केले आणि हसल्या. मलाही आतून फार बरं वाटलं.

पण डावीकडून तिसऱ्या रांगेतल्या एका ताटावर ठसा होता.

शेवटचं, खळबळायचं पाणी ब्याऐंशी अंशांचं असतं. त्यातून बोटाचा तेलकट ठसा टिकत नाही. टिकूच शकत नाही. मी ताट उजेडात धरलं. अंगठा स्पष्ट होता, रेघ न् रेघ मोजता येईल असा, आणि त्याला तिरकी छेदून जाणारी एक व्रणाची रेघ. मी वास घेतला. ग्रीसचा होता. माझा ग्रीसचा डबा अजून पेटीतच होता.

नवे हातमोजे घालून मी स्वतः ट्रे भरला. कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. तिसरी रांग, पुन्हा ठसा.

मग मी सगळ्यांना बोलावलं, मॅनेजरलासुद्धा, आणि स्वच्छ ताटावर एकेकाचा अंगठा टेकवून घेतला. तिरकी रेघ कुणाच्याच अंगठ्यावर नव्हती. शेवटी मावशी आल्या. त्यांनी अंगठा दाबून उचलला, तर ताटावर नुसता एक धूसर गोल. बावीस वर्षांच्या साबणाने रेघा पार झिजून गेल्या होत्या.

"हजेरीचं यंत्रसुद्धा माझा अंगठा घेत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "साहेबांना कितीदा सांगितलं."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मॅनेजरने ते ताट स्वतः उजेडात धरून पाहिलं.

मावशी सुटल्या होत्या. मी काम तिथेच थांबवायला हरकत नव्हती. पण तिसरी रांगच का, हा प्रश्न मला सोडेना. त्या रांगेवरचा फवारा मी काढला. भोकात तांदळाएवढा काचेचा कण अडकला होता.

तो काढून दुसरा ट्रे सोडला. ठसा पुन्हा आला, आता जास्त गडद. फवाऱ्यात पुन्हा एक कण.

म्हणजे काच मागून येत होती.

मेन स्विच बंद केला. पाणी सोडून दिलं. पंपाचं झाकण उघडलं. त्यावरची गाळणी एका कोपऱ्यात फाटली होती.

उजवा हात आत घातला. पंख्याच्या पात्यात काहीतरी रुतलं होतं. मी ओढलं.

पाण्याच्या काचेच्या जगच्या फुटक्या कानाचा जाड तुकडा निघाला. एका बाजूने तो झिजून धारदार झाला होता. रोज थोडी थोडी काच दळली जात होती आणि चारशे ताटांवर उडत होती. अजून एक आठवडा गेला असता तर कुणा मुलाच्या पोटात काय गेलं असतं, ते मॅनेजरच्या चेहऱ्यावरच मला दिसलं. तो मावशींपुढे गेला, "चुकलं माझं" म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्यांची हजेरी स्वतः वहीत लिहू लागला.

नंतरचे चाळीस ट्रे मी एकेक ताट उलटंपालटं करून पाहिले. एकही ठसा नाही, एकही कण नाही. एकोणतीस वर्षांत इतक्या ताठ मानेने मी कुठल्या खोलीतून बाहेर पडलो नव्हतो. काच ओढताना अंगठा चिरला होता. मावशींनी फडकं बांधून दिलं आणि म्हणाल्या, "घ्या, आता अंगठाबहाद्दर तुम्ही." आम्ही दोघंही खूप हसलो.

तीन टाके पडले. पंधरा दिवसांनी ते निघाले आणि मी आमच्या कंपनीच्या ऑफिसला गेलो. हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा नाकारला. नवा ठसा घ्यावा लागेल, असं तिथल्या बाई म्हणाल्या, आणि मोठा करून त्यांनी तो पडद्यावर दाखवला.

ती तिरकी रेघ मी ओळखली. वरून तिसरी रेघ छेदून खाली उतरणारी, टोकाला किंचित वळलेली.

मी घाबरलो नाही, उलट छाती थोडी फुगलीच. कसंही असो, मुलं वाचली होती, आणि ती माझ्याच हाताने.

तेवढ्यात फोन वाजला. एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून मुख्य आचारीणबाई बोलत होत्या. यंत्र छान चालतंय, पण दोन दिवस ताटांवर हाताचा अख्खा पंजा उमटतोय, कुणीतरी चेष्टा करतंय बहुतेक.

"कुठला हात?" मी विचारलं.

त्यांनी ताट फिरवून पाहिलं असावं.

"उजवा," त्या म्हणाल्या. "पण याला अंगठा नाहीये."