खारघरच्या डोंगराचा शेवटचा उतार

भीमाशंकरहून निघताना सुयशची एकच अट होती, घराजवळच्या बेलापूरपर्यंत चालत जायचं. मधे बस नाही, रिक्षा नाही. दोन आठवड्यांची रजा आम्ही नवराबायकोने कशीबशी जुळवली होती. सह्याद्रीची धार उतरलो, मग माथेरान, प्रबळगड, आणि शेवटच्या दिवशी दुपारी खारघरच्या डोंगरावर पोचलो. पायांना फोड आले होते, ओठ फुटले होते, आणि डोक्यात फक्त गरम पाण्याची आंघोळ होती. माझा भाऊ ऋषी आमच्या सईला घेऊन बेलापूरच्या बाजूला पायथ्याशी थांबणार होता. सई नऊ वर्षांची. तिला सोडून इतके दिवस आम्ही कधी राहिलो नव्हतो.

कड्यापाशी आल्यावर सगळं शहर खाली दिसलं. नेरूळचे टॉवर, खाडी, पलीकडे उलव्याच्या इमारती आणि नवा विमानतळ. सुयशने सॅक खाली ठेवली.

"नंदिनी, गाड्यांचा आवाज येत नाहीये."

मी नेरूळच्या एका हॉस्पिटलमध्ये लोकांचे कान तपासते. वारा खाडीकडून आमच्याकडे वाहत होता, त्यामुळे हायवेची घरघर यायलाच हवी होती. गाड्या पळताना दिसत होत्या. एक विमान उतरलं, तेही निमूट. पण पायाखालचं वाळकं गवत चुरचुरत होतं, सुयशचा श्वास ऐकू येत होता. म्हणजे कान ठीक होते.

"उंचीमुळे असेल," मी म्हटलं. माथेरान याहून कितीतरी उंच होतं, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

तेवढ्यात मागून कुकरची शिट्टी झाली.

मागे वस्ती नव्हती. शेवटचा पाडा आम्ही सकाळीच मागे टाकला होता. जळक्या गवताचा उतार, थोडा कातळ आणि एक पळस, एवढंच. पुन्हा शिट्टी झाली. मग लिफ्टमधल्या बाईचा आवाज आला, "कृपया दरवाज़ा बंद कीजिए." आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेवटचा शब्द चिरकतो. इथेही चिरकला.

"कुणीतरी मोबाइलवर लावलं असेल," मी म्हटलं.

"कोणी?" सुयशने विचारलं.

उतारावर चिटपाखरू नव्हतं. मी ऋषीला फोन लावला. पलीकडून उचलल्याचं स्क्रीनवर दिसलं. सेकंद पळायला लागले. कानाशी धरलेल्या फोनमध्ये काहीच नव्हतं. आवाज आला तो मागच्या उतारावरून, स्पष्ट.

"हॅलो? आई? कुठे पोचलात तुम्ही?"

सुयश वळला आणि पळत सुटला. सॅकही उचलली नाही. पळसापाशी मी त्याचा शर्ट धरला.

"सई खाली आहे, सुयश."

"तुला ऐकू येत नाहीये का?"

"येतंय. तरी ती खालीच आहे."

"बाबा, लवकर ये ना," उतार म्हणाला.

आवाज तिचाच होता. अशी हाक मारताना ती 'ना' लांबवते, तसा लांबवलेला. माझ्याही नकळत मी एक पाऊल पुढे टाकलं होतं.

सुयशने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडला, "थांब तिथेच, मी येतोय!"

प्रतिध्वनी आला नाही. समोर कातळ असूनही.

त्यानंतर तो मुकाट माझ्याबरोबर आला. उतरताना मी त्याचं मनगट सोडलं नाही. तो बोलत नव्हता आणि मीही विचारत नव्हते. अर्ध्या वाटेवर एकदम हॉर्न ऐकू आले, मग कुत्री, मग एक विमान. मला रडू येईल असं वाटलं.

पायथ्याशी ऋषीची गाडी उभी होती. सई पळत आली.

"आई!"

मी तिच्या ओठांकडे बघत होते. आवाज तिथूनच आला. मी तिला घट्ट धरलं, केसांचा वास घेतला. मग ती सुयशच्या कमरेला बिलगली.

"बाबा, फोनवर तुम्ही कुणीच का नाही बोललात?"

सुयश हसला. त्याचे ओठ हलले, चांगले वाक्यभर हलले. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

मला काही ऐकू आलं नाही.

त्याने घसा खाकरला. तेही ऐकू आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

वरून, कड्याच्या बाजूने, वाऱ्यावर त्याचा आवाज आला. दमलेला, पण खुशीत.

"आलो गं, आलो."

सईने त्याची कंबर सोडली, डोंगराकडे बघितलं आणि हात हलवला.