दोघांची खोली

दर हिवाळ्यात, बाहेरचं बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलं की हेडली रम्बोल्ट जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. कोपरे उडू नयेत म्हणून त्यांवर चहाचे कप ठेवायचा आणि बायकोला हाक मारायचा, "सेलीना, ये गं. निघू या."

मग दोघं बसल्या जागी निघायची. लॅब्राडोर सिटीतून पूर्वेला, आधी चर्चिल फॉल्स, मग गूस बे, मग काळ्या स्प्रूसचं ते संपता न संपणारं जंगल. जंगल सरलं की समुद्र, आणि कोळ्यांची एकेक गावं मागे टाकत अगदी टोकाला हॅनाज टिकल. हेडली तिथं जन्मला होता. कोवळ्या वयात खाणीत डंपर चालवायला म्हणून बाहेर पडला तो पुन्हा गेलाच नाही. तेव्हा तिकडे रस्ता नव्हता. रस्ता झाला तेव्हा रजा नव्हती. रजा मिळाली तेव्हा सेलीनाची आई अंथरुणाला खिळली. आता तो निवृत्त झाला होता. आता कुणी अडवणार नव्हतं.

मार्चमध्ये छातीतल्या खोकल्यानं हेडली गेला. जमीन इतकी गोठलेली की त्याला पुरायलासुद्धा बर्फ वितळायची वाट बघावी लागली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी सेलीनानं स्वतःच नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर कप ठेवले. समोर तिची नणंद व्हर्ना बसली होती. भाऊ गेल्यापासून ती रोज यायची.

"एकटी जाणार?" व्हर्ना म्हणाली. "अगं, मैलोन्मैल माणूस दिसत नाही तिथं. फोन लागत नाही. टायर फुटलं तर काय अस्वलाला हाक मारशील?"

"तो असता तर गेलेच असते ना?"

"तो असता तर गोष्ट वेगळी."

"म्हणूनच जायचंय," सेलीना म्हणाली आणि तिनं चर्चिल फॉल्सच्या अतिथिगृहाला फोन लावला. एकटीसाठी खोली हवी होती.

"रम्बोल्ट ना?" पलीकडची बाई मोकळेपणानं म्हणाली. "तुमची खोली ठेवलीय की. तुमच्या मिस्टरांनी सांगितलं होतं. दोघांची."

सेलीनाचा हात कपावरच राहिला. "कधी सांगितलं?"

"झाले थोडे दिवस. फार गोड बोलतात हो. खोकला काही बरा वाटला नाही तेवढा."

फोन ठेवून सेलीनानं ते व्हर्नाला सांगितलं. ती म्हणाली, "दवाखान्यातून केला असेल गं त्यानं. पडल्या पडल्या. तुला सुखाचा धक्का द्यायचा असेल."

हे इतकं हेडलीसारखं होतं की सेलीनाला रडूच फुटलं. पाच महिने जे आत गोठून बसलं होतं ते त्या दुपारी वितळलं. व्हर्ना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गूस बेला फोन करायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

सेलीना निघाली. चर्चिल फॉल्सला पोहोचली तेव्हा ती फोनवरची बाई नव्हती. कुणी एक पेंगुळलेला माणूस होता. त्यानं किल्ल्यांच्या फळीवर पाहिलं आणि डोकं खाजवलं. "रम्बोल्टांची किल्ली तर दिली होती. वापरून परतही आली. राहू द्या, दुसरी देतो." सेलीनाला वाटलं, घोळ झाला असेल. प्रवासानं अंग आंबलं होतं. ती झोपली.

गूस बेमध्ये मात्र घोळ म्हणायला जागा उरली नाही.

तिथल्या अतिथिगृहाच्या मालकीणबाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या. सेलीना गाडीतून उतरली, तशा त्या तोंडातला चिमटा काढून हसल्या.

"आलात परत? काय विसरलं?"

"मी... मी आत्ताच येतेय. चर्चिल फॉल्सहून."

"काहीतरीच! सकाळी तर माझ्या हातचा नाश्ता करून गेलात. मुरंबा आवडला म्हणून बाटली मागून घेतलीत." त्यांनी सेलीनाच्या गाडीकडे मान लांबवून पाहिलं. "आणि मिस्टर कुठेत? किती हसवत होते तुम्हाला! भिंतीपलीकडे आम्हालाही हसू येत होतं."

सेलीनानं गाडीच्या दाराचा आधार घेतला. चादरी वाऱ्यानं फडफडत होत्या. ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास येत होता. सगळं लख्ख उन्हात होतं.

"कुठल्या गाडीतून गेलो आम्ही?" तिनं हळूच विचारलं.

बाईंचं हसू मावळलं. "निळ्या... पिकअपमधून. बरं नाहीये का तुम्हाला?"

हेडलीचा निळा पिकअप सेलीनानं मेमध्ये विकला होता.

कुणीही शहाणं माणूस तिथून मागे फिरलं असतं. पण सेलीनाला भीतीपेक्षाही दुसरंच काहीतरी झोंबत होतं. तो हसवत होता. कुणीतरी हसत होतं. ज्या प्रवासासाठी तिनं इतके हिवाळे काढले, तो प्रवास चालला होता, तिच्या एक पाऊल पुढे, तिच्यावाचून. ती तशीच गाडीत बसली. जंगलाच्या अलीकडे एका ट्रकवाल्यांच्या थांब्यावर तिनं सीटवरच डोळे मिटले आणि फटफटताच पुन्हा गाडी हाकली.

जंगलात रस्ता खडीचा, सरळ, दोन्ही अंगांना मोडक्या काटक्यांसारखे स्प्रूस. काळ्या माश्या काचेवर पावसासारख्या आपटत होत्या. दुपारनंतर समुद्राचा खारट, कुजट शेवाळाचा वास आला आणि त्याच्यामागून धुकं आलं. इतकं दाट की गाडीचं नाकही दिसेना.

आणि त्या धुक्यात पुढे दोन लाल दिवे उमटले.

तिनं वेग वाढवला. दिवे जवळ आले. निळा पत्रा. मागच्या फळीला पोचा. हेडलीनं घराच्या खांबाला ठोकून करून घेतलेला. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. उजवीकडचं डोकं डावीकडच्याच्या खांद्यावर कललेलं. डावीकडच्या माणसाचे कान जरा बाहेर आलेले होते. हे कान सेलीनानं दवाखान्यात शेवटचे गोंजारले होते.

"हेडली..." ती पुटपुटली. मग ओरडली. मग हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

खांद्यावरचं डोकं उचललं गेलं. त्या बाईनं वळून मागे पाहिलं.

ती सेलीनाच होती. पण अंगानं भरलेली, उन्हानं गाल लाल झालेली. पाच महिने नीट झोपलेली. तिनं मागच्या गाडीतल्या बाईकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. ती भ्यायली होती. इतकी भीती, की तिनं दोन्ही हातांनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. हेडलीनं आरशात पाहिलं असावं. पिकअप गुरगुरला, खडी उधळली आणि धुक्यात नाहीसा झाला.

सेलीनाचा पाय पेडलवरून आपोआप सुटला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. आपल्याला पाहून कुणी असं दचकावं, आणि तेही आपणच... ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिली.

हॅनाज टिकलला पोहोचली तेव्हा उजेड अजून होता, पण दुधाळ. चार-सहा घरं, माशांचे रिकामे ओटे, खालच्या खडकांवर लाटांचा चुबुकचुबुक आवाज. प्रवाशांना ठेवून घेणारं घर एकच होतं, डॉर्कस म्हातारीचं. हेडलीनं तिचं नाव शंभरदा घेतलं होतं. लहानपणी तिनंच त्याला पोहायला शिकवलं होतं. अंगणात गाडी नव्हती. दार बंद होतं. सेलीनानं ठोठावलं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दाराला लागूनच म्हातारी बोलली.

"खोली नाही, पोरी."

"डॉर्कसआजी, मी हेडलीची बायको. सेलीना."

"ठाऊक आहे कोण ते." आवाज थरथरत होता. "आली होती ती दोघं. होडीनं गेली पलीकडच्या बेटावर. परत यायची नाहीत ती आता इथं. तू जा बाळा."

"मी फार लांबून आलेय, आजी..."

"म्हणूनच म्हणते, जा. भ्यायलीय गं ती बिचारी. नुसती थरथर कापतेय." म्हातारी थांबली. मग आवाज मऊ झाला. "तो मात्र म्हणाला, तिला उपाशी पाठवू नका. पायरीवर बघ."

पायरीवर फडक्याखाली ताटली होती. उकडलेला कॉड, बटाटा, वर तळलेली चरबी. शेजारी चहाचा मग, डब्यातलं दूध घातलेला. सगळं गरम होतं. सेलीना पायरीवर बसली. तिनं मासा बोटांनी फोडला. त्यात काटा नव्हता. कुणीतरी एकेक काटा निवडून काढला होता. पोटाजवळचे जे केसासारखे बारीक असतात, तेसुद्धा. घशात काटा अडकायची तिला लग्नाआधीपासून धास्ती होती. घरात मासा झाला की ताटली आधी हेडलीकडे जायची.

ती खाऊ लागली. डोळ्यांतलं पाणी ताटलीत पडत होतं आणि ती खात होती. धुकं पायरीपर्यंत आलं. समुद्र दिसेनासा झाला, नुसता ऐकू येत राहिला.

आणि मग पाठीमागे, बंद दाराच्या अगदी पलीकडे, जमिनीलगत, कुणीतरी नाक ओढलं. एका बाईनं. आवाज सेलीनाचाच होता, पण दबलेला.

"हेडली... गेली का रे ती?"

सेलीनाचा घास तोंडातच राहिला. दारापलीकडे कुणीतरी खोकलं. तोच खोकला, मार्चमधला.

"हळू बोल," तो कुजबुजला. "जेवतेय अजून."