उत्तरेची भिंत

मापाची टेप विसरली नसती, तर व्हर्लीन त्या घरापाशी पुन्हा गेलीच नसती. जुनिपर झाडाच्या ओंडक्यांचं तीनशे वर्षांपूर्वीचं घर. दार पूर्वेला, अमेरिकेतल्या दिने, म्हणजे नवाहो, लोकांच्या सगळ्याच घरांचं असतं तसं. गॅसची पाइपलाइन येण्याआधी त्याची मोजणी उरकायची होती.

तिला वाढवणाऱ्या होस्कीमामाने हे काम करू दिलं ते एकाच अटीवर. घरात माणूस मेलं की उत्तरेची भिंत फोडून त्याला बाहेर काढतात आणि घर कायमचं सोडतात. तसल्या घरात शिरलीस तर माझा उंबरठा ओलांडायचा नाही, असं मामाने बजावलं होतं. मामाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मेलेल्याचं तर तो नावही घेत नसे. सख्ख्या बहिणीचं, म्हणजे व्हर्लीनच्या आईचं नाव तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

काल तिने भिंत पारखूनच आत पाऊल टाकलं होतं. भिंत धड होती. आज मात्र तिथे माणूस जाईल एवढं भगदाड होतं आणि ओंडके बाहेरच्या बाजूला पडले होते.

तिचा संशय सरळ कामातल्या जोडीदारावर, डेलबर्टवर गेला. हा अंगचोर गडी. काम अडू नये म्हणून यानेच ओंडके टेकवून भगदाड झाकलं असणार.

"फसवलंस ना मला? आता मामा घरात घेईल का?"

"मी काल गाडीतून उतरलोसुद्धा नाही," डेलबर्ट म्हणाला. "आधी खाली बघ."

आतल्या धुळीत एकाच माणसाच्या बुटांचे ठसे होते. डाव्या टाचेला चीर. तिचेच. पूर्वेच्या दारातून आत आलेले... आणि उत्तरेच्या भगदाडातून बाहेर गेलेले. दाराकडे परतणारं एकही पाऊल नव्हतं.

"मी दारातूनच बाहेर आले. तू पाहिलंस."

"नाही गं... मी हॉर्न वाजवला, तर तू घरामागून आलीस."

दुपारी तो तिला मामाच्या घरी घेऊन आला. काल रात्री ती इथेच झोपली होती. कुत्रं रात्रभर तिच्या अंथरुणाकडे बघून गुरगुरत होतं, हे तिला आत्ता आठवलं.

मामा दारात उभा होता. मेलेल्याची बाधा होऊ नये म्हणून फासतात तशी कपाळाला राख फासलेली. तिच्याकडे न बघता त्याने डेलबर्टला हळूच विचारलं, "माझ्या बहिणीची मुलगी... कुठे सोडलीस तिला?"

व्हर्लीनला रडू फुटलं. "मामा, मी इथेच आहे. नाव घे ना माझं..."

मामाने नाव घेतलं नाही. तो आत गेला. थोड्याच वेळात घराच्या उत्तरेकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागले.