तांदळाएवढी रेघ

साचेकार जेवायला बसण्याआधी हात दोनदा धूत. एकदा प्लास्टर जावं म्हणून आणि एकदा बायकोचं समाधान व्हावं म्हणून. तरी नखांच्या कडांना पांढरं राहायचंच, आणि ते ताटात पडेल या धास्तीने ती वाढताना त्यांच्या हातांकडे बघत असे. जुन्या शिलालेखांच्या प्रतिकृती करण्यात या माणसाने संग्रहालयात उभी हयात घालवली होती. दगडावरून साचा घ्यायचा, साच्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की दगडाचा रंग चढवायचा. खरा कोणता आणि ओतलेला कोणता हे उचलून बघणाऱ्यालाच कळावं, अशी त्यांची कारागिरी. निवृत्त झाल्यावरही ते रोज जात, कारण त्यांच्या जागी नेमलेल्या माणसाला, त्यांच्या मते, बादलीतलं पाणीसुद्धा धड ओतता येत नव्हतं.

लिपींचं दालन हे त्यांचं राज्य. दाराशी ब्राह्मी, तिचा ‘क’ म्हणजे नुसतं बेरजेचं चिन्ह, एक उभी रेघ आणि एक आडवी. तिथून पुढे तिचा गोतावळा भिंतीभिंतीने पसरलेला. उत्तरेच्या भिंतीवर नागरी आणि डोंगर चढून गेलेली तिबेटी. दक्षिणेच्या भिंतीवर समुद्र ओलांडलेल्या सिंहली, ब्रह्मदेशी, ख्मेर, जावाची जुनी लिपी. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान चिरतं, म्हणून यातल्या कित्येकींनी गोलाई धरलेली. “नाक आईचं आणि वळण सासरचं,” असं साचेकार पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे हसले की त्यांना दिवसभर पुरत असे.

याच दालनात त्यांची लेक लहानाची मोठी झाली. आई कामावर जाई, तेव्हा बाप तिला इथे आणून एका स्टुलावर बसवी आणि ती बोटाने अक्षरं चाचपत राही. पुढे ती शिकली, परदेशी जाऊन आली आणि त्याच संग्रहालयात लिपींची अभ्यासक म्हणून लागली. तिला स्वतंत्र खोली मिळाली, खिडकी असलेली. साचेकारांना आयुष्यभर जिन्याखालची खोली पुरली होती. पुरली म्हणजे काय, दुसरी कुणी दिलीच नव्हती.

दालनाच्या कोपऱ्यात एका तुटक्या लेखाची प्रतिकृती उभी होती. मूळ दगड मागच्या अंगणात पत्र्याखाली पडलेला. साचेकारांनीच तरुणपणी त्यावरून ती केली होती. मूळ लेखच फार उशिराची कुणीतरी केलेली नक्कल आहे, असं सगळे म्हणत. साचेकार तिच्या खांद्याला आपली पिशवी अडकवत.

“बाबा,” एकदा माहेरी जेवायला आलेली लेक म्हणाली, “तुम्ही ज्याला पिशवी अडकवता ना, तो लेख दक्षिणेच्या सगळ्या भिंतीची आई आहे. समुद्रापलीकडे गेलेल्या सगळ्या लिपी तिच्यापासून निघाल्यात.”

साचेकारांचा घास हातातच राहिला. “पुरावा?”

“तोच तर नाही. अक्षरं सारखी आहेत, पण सारखेपणाला कोण विचारतं? वर्गात दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर बाई काही म्हणत नाहीत. चूक सारखी आली की मग दोघांना उभं करतात. मला अशी एखादी चूक हवीये. आईनं केलेली आणि सगळ्या लेकींनी उचललेली.”

“आणि नाही सापडली तर?”

“तर बाहेरचे तज्ज्ञ येणारेत ते मला हसतील आणि चहा पिऊन जातील.”

बायको म्हणाली, “हसतात कसे? बापाला इतक्या वर्षांत दिसलं नाही ते माझ्या मुलीला दिसलं.”

ती हे कौतुकाने म्हणाली होती. साचेकारांना मात्र ते जिथे लागायचं तिथे लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा आपण. त्या लेखाच्या प्रत्येक खाचेत त्यांचं बोट फिरलं होतं. चार पुस्तकं वाचून आलेल्या पोरीला त्यात आई दिसली आणि त्यांना खुंटी. एके काळी तिला सगळे ‘साचेकारांची मुलगी’ म्हणत. हल्ली नवा पहारेकरी त्यांना आत सोडताना म्हणायचा, “मॅडमचे वडील आहेत, जाऊ द्या.” आपल्याच पोटच्या पोरीचा मत्सर वाटतो, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं तेव्हा त्यांना लाज वाटली, पण मत्सर काही कमी झाला नाही. लाजेने तो कधीच कमी होत नाही.

तज्ज्ञ यायच्या आदल्या आठवड्यात, दुपारी सफाईसाठी दालन बंद असताना, ते पटाशी घेऊन कोपऱ्यातल्या प्रतिकृतीपुढे बसले. त्यांना नेमकं ठाऊक होतं काय करायचं ते. उभ्या रेघेचा पाय डावीकडे वळलेला असला की ती लिपी पुढच्या काळातली. एका ‘क’चा पाय जरासा वळवला की आई क्षणात नात होईल आणि पोरीचा दावा जागच्या जागी आडवा. तज्ज्ञ अंगणात जाऊन चिखलात वाकणाऱ्यातले नव्हते. ते प्रतिकृतीच बघणार.

त्यांनी पटाशी टेकवली आणि ठोका दिला. पटाशी घसरली. वळण डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे एक तिरकी रेघ उमटली, तांदळाच्या दाण्याएवढी, शेवटाला किंचित मुरडलेली. ती मुरड त्यांची स्वतःची होती. तरुणपणी अंगठा दगडाखाली सापडला होता, तेव्हापासून शेवटच्या ठोक्याला त्यांचा हात तसाच मुरडे. त्यांनी पटाशी खाली ठेवली. ‘काय करतोय मी हे?’ असं मनात आलं. रेघेत कोरं पांढरं प्लास्टर दिसत होतं. उद्या बुजवून टाकू म्हणून ते उठले आणि पिशवी घेऊन घरी गेले. त्या दिवशी त्यांनी हात तीनदा धुतले.

सकाळी ते वाटीत प्लास्टर कालवून गेले. रेघ पांढरी राहिली नव्हती. तिच्यात आजूबाजूचाच जुना रंग होता आणि रंगावर धूळ, वर्षानुवर्षं बसलेली. त्यांनी डोळे चोळले, रेघ बुजवली, वर रंग लावला. दुपारी पाहिलं तर बुजवलेलं निसटून फरशीवर पडलं होतं. अख्खा दाणा, मुरडीसकट. त्यांनी तो उचलून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांना सिंहली लेखाच्या ‘क’पाशी काहीतरी खटकलं. ते जवळ गेले. अक्षराच्या पायाशी, उजवीकडे, तीच तिरकी रेघ होती. तो साचा त्यांनी स्वतः धरला होता. असं काही तिथे नव्हतं हे ते झोपेतही सांगू शकले असते. त्यांनी बोट फिरवलं. रेघ गुळगुळीत होती आणि शेवटाला मुरडलेली. पुढच्या दिवशी ती ब्रह्मदेशी लेखावर आली, तिथल्या वळणाने, थोडी गोल होऊन. मग ख्मेरवर. मग जावाच्या लेखावर. कुणी पटाशी घेऊन कोरत गेलं असतं तर सगळ्या रेघा एकसारख्या आल्या असत्या. या तशा नव्हत्या. प्रत्येकीचं वळण सासरचं होतं. नाक तेवढं एकाचं.

उत्तरेच्या भिंतीवर मात्र काही आलं नाही. साचेकारांनी ती भिंत दोनदा तपासली. लेक म्हणाली होती तेवढ्याच लिपींवर, एकामागून एक, रेघ चालत गेली होती.

“बाबा, इकडे या.” लेकीने हाक मारली. ती कोपऱ्यातल्या लेखापाशी गुडघ्यांवर बसली होती, हातात भिंग. “हे बघा. पायाशी. कोरणाऱ्याचा हात घसरलाय. आणि पुढच्या सगळ्यांनी ते अक्षराचाच भाग समजून गिरवलंय, कित्येक शतकं. मला सापडली, बाबा. चूक सापडली.”

साचेकारांनी खाली बघितलं. इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते तसं ते बोलले.

“अगं, ती रेघ माझी आहे. मी मारली. गेल्या आठवड्यात.”

“का?”

त्यांनी खिशातला दाणा चाचपला. लेक हसली, लहान मुलाला हसावं तशी. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना मागच्या अंगणात नेलं.

मूळ दगड पत्र्याखाली आडवा होता. तिने बोट ठेवलं तिथे रेघ होती. तिच्यात शेवाळ वाढलं होतं, काळं पडलेलं, दगडाशी एकजीव झालेलं. साचेकार खाली बसले आणि नखाने शेवाळ खरवडू लागले.

“राहू द्या, बाबा. नख तुटेल.”

शेवाळाखाली मुरड होती.

तज्ज्ञ आले, चहा प्याले, आणि त्यांच्यापैकी कुणीही हसलं नाही. सगळ्यात म्हातारे गृहस्थ भिंग घेऊन भिंतीभिंतीने फिरले आणि शेवटी लेकीला म्हणाले, “हे आम्हाला दिसायला हवं होतं. आमच्या पुस्तकांतल्या फोटोंत पहिल्यापासून आहे.” कोपऱ्यातला लेख मधोमध आला. त्याच्याखाली पाटी लागली आणि पाटीवर लेकीचं नाव.

साचेकार संचालकबाईंकडे गेले आणि त्यांनाही सगळं सांगितलं. पटाशी, दुपार, घसरलेला ठोका. खिशातला दाणा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ते बाहेर पडल्यावर दार पुरतं लागलं नव्हतं, म्हणून बाई आत कुणाला तरी म्हणाल्या ते त्यांना ऐकू आलं.

“बिचारे. त्यांना वाटतं, ती रेघ त्यांचीच. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं ओतली ना. मुलीचं झालं म्हटल्यावर थोडं आपलंही नाव असावं, असं वाटणारच.”

ते जिना उतरले. चोराची कबुली कुणी ऐकेना आणि वर चोराला लोभी ठरवलं, अशी गत झाली होती. तेव्हापासून ते संग्रहालयात गेले नाहीत. प्लास्टर नखांतून हळूहळू गेलं. बायको म्हणाली, “आता कसे माणसाचे हात दिसतायत.”

एका सुट्टीच्या दुपारी लेक आपल्या मुलीला घेऊन आली. नात चार वर्षांची, अक्षरांच्या उंबरठ्यावर आलेली. लेकीला आपली लहानपणीची पाटी हवी होती. साचेकारांनीच तेव्हा दगडी पाटीवर खिळ्याने अक्षरं कोरून दिली होती, म्हणजे पोरीने खाचेतून बोट फिरवत गिरवावं. बायकोने माळ्यावरून ती काढली, पुसली आणि नातीच्या मांडीवर ठेवली.

“पहिला क,” लेक म्हणाली. “बोट इथे ठेव.”

साचेकार खुर्चीवरून बघत होते. पाटीवर नागरी अक्षरं होती, उत्तरेच्या भिंतीवरची. तिथे ती रेघ यायला काहीच कारण नव्हतं. त्यांनी तसं स्वतःला सांगितलंही.

नातीचं बोट उभ्या रेघेतून खाली आलं. पायाशी थांबलं. मग कुणी न सांगता उजवीकडे घसरलं, तांदळाएवढं, आणि शेवटाला मुरडलं.

ते उठून जवळ गेले. खाच तिथे होती. बाकीचं अक्षर खरबरीत होतं. तेवढी जागा लहान बोटाने घासघासून तुळतुळीत झालेली.

“हे कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे काय? पहिल्यापासून,” लेक म्हणाली. “तुम्हीच तर माझं बोट धरून गिरवून घ्यायचात. इथे आलं की माझं चुकायचं आणि तुम्ही जोरात दाबायचात. दुखायचं हो बाबा.”

नातीने पुन्हा गिरवलं. सरसर, न चुकता, आणि वर बघून हसली.

“हुशार आहे गं तुझी लेक,” आजी म्हणाली. “तुला जमायला महिना लागला होता.”

 लेक मुलीच्या बोटाकडे बघत राहिली. ती नजर साचेकारांना चांगली ओळखीची होती. त्यांनी ती आजवर फक्त आतून पाहिली होती.

“हो,” ती म्हणाली. “माझ्यापेक्षा लवकर जमलं हिला.”

तिने मुलीच्या मांडीवरून पाटी काढून घेतली आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागली. अक्षरं कोरलेली होती. तरी ती पुसत राहिली.