काळी दोनमधली धून

हिरव्या बोर्डाचं एक टोक मनस्वीच्या हातात होतं आणि दुसरं… दुसऱ्याच कुणाच्या तरी.

ती तशीच वाकून राहिली. फुटके मॉनिटर, गंजलेले पंखे, वायरींचे गुंते – या ढिगात आणखी कुणी हात घालेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. रविवारी दुपारी कमलाकरकाकांच्या कळंबोलीतल्या भंगाराच्या गोदामात हौसेने येणारी ती एकटीच होती. निदान आजपर्यंत.

"सोडा ना," ती म्हणाली आणि स्वतःच्याच घोगऱ्या आवाजाने दचकली. सकाळपासून तिने उच्चारलेले हे पहिलेच शब्द.

"तुमी सोडा." समोरचा मुलगा उंच, उन्हाने रापलेला. "मी पयला बगितला."

"तुम्हाला काय करायचाय हा?"

"तुमाला काय करायचाय?"

"मला यावरची एक चिप हवी आहे. आवाजाची."

तो हसला. "झाली का पंचाईत. मना पन तीच पायजे."

"वाटून घ्या," वजनकाट्यामागून कमलाकरकाका म्हणाले, "नायतर मी किलोवर विकून मोकळा होतो."

मनस्वी पदार्थविज्ञानाची एमएस्सी. तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत ती लोकांची मोजमापाची यंत्रं तपासायची. कुठला तापमापक किती चुकतो, कुठलं घड्याळ किती पुढे पळतं, हे सांगणं तिचं काम. आईबाबा दादाकडे नाशिकला गेले होते, रूममेट लग्न होऊन गेली होती. सुकापूरच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी फ्रिजची घरघर असायची आणि ती असायची. म्हणून तर हा नाद लागला. जुन्या कॉम्प्युटरमधल्या, जुन्या व्हिडिओ गेममधल्या चिपा गोळा करायच्या आणि त्यांच्याकडून सूर काढून घ्यायचे. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

मुलाचं नाव भावेश. उरणजवळच्या मोऱ्याचा. बंदरात क्रेनवर होता.

"आईचा गाला व्हता जेट्टीपाशी," बोर्डाचं टोक न सोडता त्याने सांगितलं. "भजी, चा. बाजूला व्हिडिओ गेमची पेटी. कोन खेलत नसला का ती आपली आपन वाजायची, पोरांना बोलवायला. शेवटची लाँच येईपरत आई थांबायची, आनि मी तिथंच बाकड्यावर झोपायचो. त्या गान्यावर." त्याने बोर्डावरची धूळ अंगठ्याने पुसली. "आई गेली परारच्या साली. पेटी घरी हाय. चित्र दिसता, आवाज नाय."

मनस्वीने हात सोडला.

"चिप तुम्ही घ्या," ती म्हणाली. "पण बदलणार कोण?"

"तुमी," तो म्हणाला. जणू हे आधीच ठरलं होतं.

पुढच्या रविवारी त्याने पेटीतला बोर्ड आणला. कमलाकरकाकांनी मागच्या पत्र्याच्या शेडमधलं टेबल मोकळं करून दिलं. जुन्या बोर्डावरून चिप काढायची म्हणजे तिचा एकेक पाय तापवून, शिसं ओढून घेऊन सोडवायचा. मनस्वीला हे काम तासाभराचं. पण तिने ते पुरवून पुरवून केलं… का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. भावेशचीही तशी गरज नव्हती. बोर्ड तिथेच राहायचा. तो मात्र दर रविवारी बोंबलाच्या चटणीचा डबा घेऊन हजर.

"ह्या एवढ्याशा चिपीतून घंटा, बासरी, ढोल, सगला कसा निघतो?" एकदा त्याने विचारलं.

"आत लहरी असतात. एक लहर दुसरीला हलवते. किती हलवते, किती भरभर, त्यावरून आवाज बदलतो."

"समिंदरासारका. लाटेवर लाट."

"नाही. तिथे दोन लाटांची नुसती बेरीज होते. इथे एक दुसरीला स्वस्थ बसू देत नाही. तिची चालच बदलून टाकते."

"म्हंजे सतावते."

"…म्हणा हवं तर."

"आनि नाय सतावला तर?"

"मग साधी शिट्टी. एकसुरी." शिसं वितळताना उठणारा रोझिनचा धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने मान वळवली. निदान तिने तरी तसंच दाखवलं.

"क्रेनवर मी दिवसभर तसाच असतो," तो म्हणाला. "वर केबिनीत एकटा. वॉकीटॉकीवर कोन बोलला तर बोलला. खालचा मानूस मुंगीएवढा दिसता."

त्याचं उत्तर द्यायला तिच्याकडे खूप काही होतं. ती फक्त म्हणाली, "शिसं संपत आलंय. पुढच्या वेळी आणते."

काका चहा ठेवताना पुटपुटले, "एवढ्या रविवारांत आमी गोदाम बांधला व्हता."

चिप बसवायच्या दिवशी मनस्वीला ते दिसलं. चिपेशेजारचा क्रिस्टल – तिला ताल देणारा छोटासा चकचकीत डबा – चुकीचा होता. हवा होता साडेतीन मेगाहर्ट्झच्या जरा वरचा. कुणीतरी पूर्वी दुरुस्ती करताना हाताशी होता तो चारचा ठोकून दिला होता. म्हणजे धून धावतही होती आणि चढलेलीही होती. काळी एकचं गाणं जवळजवळ काळी दोनमध्ये. तिला हसू आलं. भावेश यायच्या आत तिने बरोबर क्रिस्टल बसवून टाकला. ती त्याला भेट देणार होती… अगदी खरी, जन्मली तशी धून.

तो आला. तिने स्विच दाबला.

घंटांसारखे स्वर शेडच्या पत्र्याखाली हळूहळू उलगडत गेले. मनस्वी धून ऐकतच नव्हती. ती त्याचा चेहरा पाहत होती, आणि तो चेहरा मिटत चालला होता.

"हा नाय," तो म्हणाला.

"हीच आहे. आधीची चुकीची होती. क्रिस्टल चारचा होता, त्यामुळे सगळं भरभर आणि वरच्या पट्टीत वाजायचं. मी नीट केलं." ती भराभरा बोलत सुटली, प्रयोगशाळेत बोलावं तसं. "कारखान्यातून निघाली तेव्हा ती अशीच होती."

"कारखान्यात माझी आई नव्हती."

त्याने बोर्ड टॉवेलात गुंडाळला. दारापाशी जाऊन वळला. "उपकार झाले तुमचे," म्हणाला, आणि गेला.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मनस्वीने मेसेज लिहिले आणि पुसले. फ्रिज घरघरत राहिला. तिने एक चिप वाजवून पाहिली, पण आता त्या आवाजात कुणी बोलत नव्हतं.

प्रयोगशाळेत ती रोज एकच प्रश्न विचारायची – प्रमाण कुठलं? एक यंत्र दुसऱ्या, जास्त भरवशाच्या यंत्राशी ताडून बघायचं, बस्स. पण बाकड्यावर पेंगणाऱ्या पोराच्या कानांत बसलेल्या धुनेचं प्रमाण कुठे ठेवलेलं असतं? तिने ते विचारलंच नव्हतं. एका शनिवारी तिने सोल्डरगन पिशवीत टाकली, ड्रॉवरमधून तो काढून ठेवलेला चारचा क्रिस्टल घेतला आणि उरणची बस धरली.

मोऱ्याच्या वाटेवर सुकवलेल्या मासळीचा खारट वास होता. कोळंबी निवडणाऱ्या एका बाईला तिने भावेशचं घर विचारलं.

"गुनाबायचा पोर? त्यो निल्या दाराचा. तू कोन त्याची?"

"मी… मशीन दुरुस्त करते."

बाईने तिला खालून वर न्याहाळलं. "बग बाय. लय दिस गप हाय त्यो, बिगडलाच असल."

भावेशने दार उघडलं आणि पाहतच राहिला.

"मला तुझी धून परत चुकवायची आहे," मनस्वी म्हणाली. 'तुझी' कधी तोंडून गेलं, तिलाही कळलं नाही. "चूक माझी होती. विचारायला हवं होतं."

तो बाजूला झाला. ती पेटीसमोर जमिनीवर बसली आणि कामाला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मुद्दाम चुकीचा भाग बसवत होती.

धून सुरू झाली. वरच्या पट्टीत, घाईघाईची, लाँच सुटेल की काय अशी. भावेश भिंतीला टेकून खाली बसला. गुडघ्यांवर डोकं टेकलं. मनस्वीने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाहेर समुद्र ओहोटीला लागला होता. पेटी पुन्हा पहिल्यापासून वाजू लागली, मग आणखी एकदा… कितीदा, हे तिने मोजलं नाही.

शेवटी तिने पिशवी आवरून खांद्याला अडकवली.

"झालं. आता काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली.

"मंग रविवारी?"

"रविवारी… काही कामच नाही." तिने पिशवीची चेन लावली, उघडली, परत लावली. "भावेश, मला काही बिघडलेलं नसतानाही यायचं आहे."

त्याने डोकं वर केलं. डोळे लाल होते.

"मना वाटला, तू फकस्त आवाजासाठी येतीस."

"आवाजासाठीच येत होते," ती हळूच म्हणाली. "घरी कुणाचाच नसतो."

मग तो उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि तिथूनच, पाठमोरा, विचारलं, "चा टाकतो. साखर किती?"

मनस्वीने पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली.

"अंदाजाने टाक," ती म्हणाली.