ओढाईच्या खांबाची दोरी

मी बोईसरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. लातूरची असल्यामुळे समुद्राशी माझा संबंध दारावर मासे विकणाऱ्या नलूताईंच्या पाटीतल्या बोंबलांपुरता. त्या रविवारी त्यांनी हट्टाने त्यांच्या गावी, नवापूरला जेवायला बोलावलं आणि दुपारी नदीकाठचं ओढाईचं देऊळ दाखवायला नेलं. नदी तिथेच समुद्राला मिळते.

देवीपुढे काळा दगडी खांब, त्याला हातहातभर दोऱ्या बांधलेल्या. नवरा होडीसकट वाहून चालला तेव्हा एका कोळणीने काठावरून त्याला ओढून आणलं, तीच ही ओढाई. म्हणून नवी होडी पाण्यात उतरली की तिच्या दोराचं टोक कापून इथे बांधतात. होडी संकटात सापडली, तर घरच्यांनी ते ओढायचं.

"मग इंजिन कशाला लावता?" मी चेष्टा केली. नलूताई हसल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचा मुलगा मेहुल बोलत होता. मशीन बंद पडलं होतं, होडी बाहेरच्या खडकांकडे चालली होती. फोन कट झाला. पायरीवरून होडी दिसत होती. भर ओहोटी, वारा जमिनीवरून सुटलेला. दुसरी होडी पोचेपर्यंत सगळं संपणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

नलूताईंनी खांबावरची मेहुलच्या होडीची हिरवी दोरी धरली. मागे त्यांचे दीर कमलाकांत उभे राहिले. ओढाईची पूजा तेच करतात.

"मॅडम, तुमी पन धरा," नलूताई म्हणाल्या.

बाईचं मन राखायला म्हणून धरली.

दोरी कोरडी होती. मग गार लागली. मग ओली. एकाएकी पलीकडून असा हिसका बसला की माझे पाय घसरले.

दोरी हातात येत गेली. पायाशी ओला ढीग साठला. मी खांबामागे वाकून पाहिलं. तिथे नुसता दगड होता.

"सोडू नका!" नलूताई ओरडल्या.

होडी वळली.

ओहोटीच्या उलट, बंद मशीनने, ती सरळ नदीत शिरली. काठावर एकच आरोळी उठली. मेहुल उडी टाकून आईला बिलगला. मी रडत होते, ओरडत होते, तळहात सोलले होते आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. आम्ही त्याला आणलं होतं!

कमलाकांत तेवढे खांबापाशीच उभे होते. एका कुजक्या काथ्याच्या दोरीकडे बघत होते.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माज्या बापाची. मी पालन्यात होतो तवा होडी गेली. परत नाय आली."

त्या दोरीला कुणाचाच हात लागलेला नव्हता. ती ताठ झाली होती, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.